सातारा-सांगलीची रात्र

रात्रीच्या करमणुकीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई येते. फार तर पुणे येते. सातारा-सांगलीचे नाव त्या संदर्भात कोणी घेत नाही. आपल्याकडे काय, नऊला जेवणे उरकली की दिवे मालवायचे, अशी आपली स्वतःबद्दलची समजूत आहे. इतिहासाकडे पाहिले तर ही समजूत मुळीच टिकत नाही. मराठी नाटकाचा जन्म सांगलीचा. तमाशाला पठ्ठे बापूराव दिला तो वाळवे तालुक्याने. मिरज आणि औंध ही गावे गवयांना तीर्थासारखी वाटत आली आहेत. म्हणजे या दोन जिल्ह्यांतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या रात्र जागत आला आहे. मग ती रात्र गेली कोठे?

या लेखात तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे. ते थोडक्यात असे: आपली रात्र उघड्यावरची होती, गावाची होती, ती हळूहळू बंद खोलीत गेली. हा पालट कसा झाला आणि त्यात कोणाचे काय हरवले, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या भाषेत रात्रीच्या करमणुकीला जुना शब्द आहे ‘जागर’. खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, एकादशीचे भजन, सप्ताहातले कीर्तन, जत आणि आटपाडीकडच्या धनगरांच्या ओव्या हे सारे रात्रीचे. याचे कारण उघड आहे. शेतकऱ्याचा दिवस रानात जातो; त्याच्या हाती स्वतःची म्हणून उरते ती रात्रच. या जागराला तिकीट नव्हते, दार नव्हते. ज्याला यायचे तो घोंगडे घेऊन येई. बायका एका बाजूला बसत, पोरे त्यांच्या मांडीवर झोपून जात. करमणूक आणि भक्ती यांच्यामध्ये रेघ मारलेली नव्हती. गोंधळात देवीची आळवणी होई तशी हशा पिकविणारी कथाही होई.

याच भूमीत १८४३ साली एक नवी गोष्ट घडली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि असे काही मराठीत करावे, असे त्यांच्या मनात आले. ते काम त्यांनी विष्णुदास भावे यांच्याकडे सोपविले. भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रचून राजाश्रयाखाली सांगलीत त्याचा प्रयोग केला. ५ नोव्हेंबर हा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो तो याच प्रयोगाची आठवण म्हणून. सूत्रधाराने पदे म्हणावयाची, विदूषकाने हसवावयाचे, मोरावर बसून सरस्वती यावयाची आणि राक्षसांनी आरोळ्या ठोकीत रंगभूमी दणाणून सोडावयाची, असा तो थाट होता. या आरोळ्यांवरूनच पुढे त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव पडले. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि राजाश्रय तुटला. भाव्यांनी मग मंडळी घेऊन गावोगाव जाण्याचा मार्ग धरला आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. अवघ्या दहा वर्षांत करमणूक राजवाड्यातून बाजारात आली. राजाच्या मर्जीऐवजी लोकांच्या चार आण्या-आठ आण्यांवर जगण्याची सोय झाली.

साताराही मागे राहिला नाही. गणपतराव जोशी ज्या नाटक मंडळीत गाजले, तिच्या नावातच सातारा होता. शाहूनगर म्हणजे सातारा आणि मंडळीचे नाव ‘शाहूनगरवासी’. कराडजवळच्या टेंभू गावच्या आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले आणि गणपतरावांनी तो हॅम्लेट रंगभूमीवर उभा केला. ज्या शतकात इंग्रजी शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या शतकात आपल्या मुलखातल्या लोकांनी शेक्सपिअर मराठीतून पाहिला. सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणून जरठ-बालाविवाहाचा प्रश्न घराघरांत नेला. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चा सरकारने असा धसका घेतला की १९१० मध्ये त्यावर बंदी आली. बालगंधर्व प्रथम शकुंतला म्हणून उभे राहिले ते १९०५ साली मिरजेत. तेव्हाचे संगीत नाटक रात्री सुरू होऊन ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत चाले. नाट्यगृहात स्त्रियांची बसण्याची व्यवस्था निराळी असे. निराळी का होईना, पण असे, हे येथे ध्यानात ठेवावे.

गाण्याचेही तसेच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली निधन पावल्यावर तेथेच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. तेथील उरुसात संगीतसभा होते, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणे होते, आणि तंबोरे-सतारी घडविणारे कारागीर त्याच गावात आहेत. खटाव तालुक्यातल्या औंध येथे अनंत मनोहर जोशी तथा अंतुबुवा यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली संगीतोत्सव सुरू केला. अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास तो आजही होतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करीत. ज्या गावचा राजाच कीर्तनाला उभा राही, त्या गावाची रात्र लवकर कशी संपावी?

आता तमाशाकडे वळू. नाटकाने शहर जागविले, तर तमाशाने खेडे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार, वतन आणि जात यांची पर्वा न करता तमाशात शिरले आणि ‘पठ्ठे बापूराव’ झाले. त्यांच्या कवनांना पवळेच्या गळ्याची आणि अदाकारीची जोड मिळाली. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाच्या साच्यातून लोकनाट्य घडविले आणि त्यात गिरणी कामगाराचे, भूमिहीनाचे दुःख मांडले. सांगलीनजीकच्या कवलापूरने काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी दिली. त्यांचा ‘जहरी प्याला’ हा वग माहीत नाही असा जुना माणूस आपल्या भागात सापडावयाचा नाही.

तमाशाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा मुद्दा तिच्यावर अवलंबून आहे. ढोलकी फडाच्या तमाशात प्रथम गण, मग गौळण, मग बतावणी, त्यानंतर रंगबाजी आणि शेवटी वग असा क्रम असतो. गणात देवाला वंदन, गौळणीत कृष्णाची आणि मावशीची थट्टा, बतावणीत हजरजबाबी विनोद, रंगबाजीत लावण्या. वग म्हणजे मात्र सबंध नाटकच. राजा, सावकार, पाटील, अन्याय, सूड, न्याय हे सारे वगात येते. तमाशाने समाजाला जे काही सांगितले ते मुख्यतः वगातून सांगितले; आणि वग रंगू लागतो तो मध्यरात्रीच्या पुढे.

आपल्याकडच्या यात्रेचे वेळापत्रकही ठरलेले असते. संध्याकाळी पालखी, छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्या. गावकरी पट्टी काढतात, फडाला सुपारी देतात. फड दसऱ्याला बाहेर पडतो तो उन्हाळा सरेपर्यंत फिरतो. चैत्र-वैशाखातल्या यात्रा हा त्याचा सुगीचा काळ. मोठ्या फडात वादक, नर्तकी, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, वाहनचालक अशी शंभराच्या आसपास माणसे असतात. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ही लागोपाठ दोन वर्षे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा या माणसांच्या चुली विझल्या. शेतकऱ्याचे पीक गेले तर पंचनामा होतो. गेलेल्या रात्रीचा पंचनामा कोण करणार?

या सगळ्याचे गोडवे गाताना एक कडू सत्य लपविता कामा नये. तमाशातले कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या समाजांतले. गाव त्यांच्या कलेला टाळ्या देई आणि त्यांना मुक्कामाला जागा मात्र गावाबाहेर देई. नाचणाऱ्या बाईच्या वाट्याला फेटे उडत तसे अपशब्दही येत. प्रेक्षकांत बायका जवळजवळ नसतच. तेव्हा जुनी रात्र सर्वांची होती असे म्हणताना ‘सर्व’ या शब्दाची मर्यादा ओळखली पाहिजे. जागराला सर्व येत; नाटकाला काही स्त्रिया येत; तमाशाला पुरुषच येत. तथापि हे सारे चारचौघांत, उघड्यावर होई. वाईट घडले तरी गावाच्या डोळ्यांदेखत घडे आणि सकाळी पारावर त्याची चर्चा होई.

ही उघडी रात्र मिटण्याची कारणे अनेक आहेत. चित्रपट आला, दूरदर्शन आले, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. परंतु कायद्यानेही तिला वळण दिले आणि ते वळण पुष्कळांना नीट ठाऊक नसते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारने २००० साली केले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्री बारापर्यंत वाढवू शकते. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांचा कसोशीने अंमल करण्याचा आदेश दिला आणि गावोगाव दहाचा ठोका खरा झाला. या नियमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आजारी माणूस, तान्हे मूल, परीक्षेचा विद्यार्थी, पहाटे पाळीवर जाणारा कामगार यांचा झोपेवर हक्क आहे. कर्ण्याने तो हिरावून घेतला होता हे नाकारता येणार नाही.

पण परिणाम काय झाला तो पाहा. पंधरा दिवसांची सवलत प्रामुख्याने गणेशोत्सव, नवरात्र यांसारख्या सर्वत्र एकाच वेळी येणाऱ्या सणांना जाते. आपल्याकडे प्रत्येक गावच्या यात्रेची तिथी वेगळी. एवढ्या तिथी पंधरा दिवसांत कशा बसाव्यात? छबिना संपून तमाशा उभा राहीपर्यंत नऊ वाजतात. तास-दीड तासात गण, गौळण आणि चार लावण्या उरकल्या की वेळ संपते. वेळ अपुरी पडली की पहिली कात्री लागते ती वगाला. म्हणजे तमाशातून नाटक जाते आणि नुसता नाच उरतो. आणि मग आपणच म्हणतो, तमाशात आता पूर्वीसारखे काही राहिले नाही.

शास्त्रीय संगीताचीही तीच गत. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी पुण्यात १९५३ साली सुरू केलेला महोत्सव रात्र-रात्र चाले. तो मांडवातला, म्हणून त्यालाही दहाची मर्यादा आली. राग हे वेळेला बांधलेले आहेत. उत्तररात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललत यांना मैफलीत आपली जागाच उरली नाही, तर नव्या पिढीच्या कानांवर ते त्यांच्या वेळी पडणार कधी?

आता गंमत अशी, की याच नियमात बंदिस्त जागेला सूट आहे. नाट्यगृह, सभागृह अशा ठिकाणी आतल्या लोकांपुरता ध्वनिक्षेपक दहानंतरही चालतो. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह आहे, साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे. तेथे प्रयोग उशिरापर्यंत चालू शकतो. ज्या खेड्यात असे सभागृह नाही त्याची रात्र मात्र दहाला संपते. म्हणजे कायद्याने रात्र बंद केलेली नाही. उघड्यावरची रात्र बंद केली आहे. ज्याच्याकडे चार भिंती आणि छप्पर आहे त्याची रात्र चालू आहे.

तालुक्याच्या गावी दहानंतर दिवा जळत असलेली, चार भिंतींची जागा कोणती? बहुधा परमिट रूम. या नावाचाच विचार करण्यासारखा आहे. इंग्लंडात ‘पब’ म्हणतात तो शब्द ‘पब्लिक हाऊस’ याचे लघुरूप आहे. सार्वजनिक घर, असा त्याचा अर्थ. यॉर्कसारख्या जुन्या तटबंदीच्या शहरात तटाच्या आत अशी घरे शतकानुशतके चालू आहेत. त्याच शहरात १७४४ पासूनचे नाट्यगृह आहे. पबमध्ये बायकामाणसे येतात, जेवतात, गप्पा मारतात, गाणी म्हणतात. आपल्या येथे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मूलतः दारू निषिद्ध ठरविली. तो कायदा ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने अजूनही लागू आहे. पुढे बंदी सैल झाली, पण ती परवान्याच्या रूपाने. पिणाऱ्याजवळ वैयक्तिक परवाना असावा आणि त्याने नेमलेल्या खोलीतच प्यावे, अशी ही कल्पना. म्हणून ती ‘परमिट रूम’. तिकडे सार्वजनिक घर, इकडे परवान्याची खोली! या दोन शब्दांत दोन समाजांच्या रात्रींमधला फरक सामावला आहे. आपल्या परमिट रूमच्या काचा काळ्या, दिवे मंद, आणि आत फक्त पुरुष. तेथे करमणूक नसते, नुसते पिणे असते.

पबला वेळेचे बंधन नव्हते असे मात्र समजू नये. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून इंग्लंडात पबच्या वेळा आवळण्यात आल्या आणि रात्री लवकर दारे लावण्याची ती रीत पुढे अनेक दशके टिकली. ती शिथिल झाली नोव्हेंबर २००५ मध्ये. योगायोग पाहा. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे दहाचा ठोका पक्का झाला, आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. ही बंदी आणणारे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, म्हणजे आपल्याच सांगली जिल्ह्याचे. तरुणांचे संसार वाचावेत हा त्यांचा हेतू होता. परंतु त्या कायद्यात तारांकित हॉटेलांना सूट होती. साध्या बारमध्ये जे अनैतिक, ते मोठ्या हॉटेलात नैतिक कसे, आणि नाचून पोट भरणाऱ्या स्त्रियांनी काय करावे, हे प्रश्न न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द ठरविली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सरकारने पुन्हा कायदे केले; २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांतल्याही अनेक अटी काढून टाकल्या.

खेड्यातल्या स्त्रियांनी मात्र आपला मार्ग निराळा शोधला. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकानाला टाळे लागते. आपल्या भागातल्या मायबहिणींनी हे हत्यार हाती घेतले आहे. गावाच्या रात्रीबद्दल स्त्रीला विचारले गेले ते बहुधा प्रथमच. पण तिला प्रश्न विचारला गेला तो काय बंद करावे एवढाच. रात्री काय चालू असावे, हे तिला अजून कोणी विचारलेले नाही.

माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. आपली चर्चा नेहमी बंदीभोवती फिरते. तमाशा बंद करा, बार बंद करा, कर्णा बंद करा. बंद केल्यावर मोकळ्या झालेल्या रात्रीत माणसाने काय करावे, याचा विचार होत नाही. मग ती रात्र रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेत जे सर्वांत सहज शिरते तेच शिरते. आपल्या वर्गातल्या मुलाला रात्री नऊनंतर जाण्यासारखी जागा म्हणजे हमरस्त्यावरचा ढाबा. मुलीला तीही नाही. संध्याकाळ झाली की तिची रात्र सुरू होते ती घराच्या किंवा वसतिगृहाच्या दाराआड. जिची आजी मांडीवर पोर घेऊन पहाटेपर्यंत गोंधळाला बसत असे, ती नात आज आठ वाजता घरात पाहिजे!

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले फारसे खर्चाचे नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावी चांगले बंदिस्त सभागृह उभे राहिले तर वगाला आणि दरबारीला पुन्हा वेळ मिळेल. तोपर्यंत यात्रेतला तमाशा दिवेलागणीलाच उभा करण्याची पद्धत गावाने घालावी. छबिना त्यानंतर निघाला म्हणून देव रागावणार नाही. हजेऱ्या तर सकाळच्याच असतात. त्यांत एखादा सबंध वग करून घ्यावा आणि तो पाहायला बायकांना बोलवावे. आणि ध्वनिक्षेपकावर बंधन आहे, गळ्यावर नाही. पन्नास माणसांची भजनाची किंवा गाण्याची बैठक शेजाऱ्याची झोप न मोडता होऊ शकते. आपल्या महाविद्यालयानेही स्नेहसंमेलनात सिनेगीतांवरच्या नाचांबरोबर एक वग बसवावयास हरकत नाही. कवलापूर, वाटेगाव, रेठरे ही गावे एस. टी.च्या अंतरावर आहेत. तेथील जाणत्यांना बोलावले तर ते आनंदाने शिकवतील.

भाव्यांनी राजाश्रय तुटल्यावर रडत न बसता तिकीट लावले. काळ बदलला की रात्रीची रीत बदलते, हे आपल्याच गावच्या माणसाने दाखवून दिले आहे. आज आपल्यापुढे दहाचा ठोका आहे. त्याच्या आधी काय करावे आणि त्याच्या नंतर कोणत्या छपराखाली कोणाला बरोबर घेऊन बसावे, हे ठरविणे आपल्या हाती आहे. त्यात निम्म्या जागा बहिणींसाठी राखल्या गेल्या, तर ती रात्र पूर्वीच्या रात्रीहूनही अधिक गावाची होईल.